रोग नळातून, ठपका माणसांवर

मेडनहेडला राहणाऱ्या आपल्या मंडळींना सेंट मार्क्स हॉस्पिटल चांगले माहीत असते. ते ज्या जागेवर आहे, तिथे 1836 साली कुकम युनियनचे वर्कहाऊस बांधून पूर्ण झाले होते. इंग्लंडच्या 1834 च्या गरीब-कायद्याने अशी वर्कहाऊस देशभर उभी केली. मदत मागायला येणाऱ्याला बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट अवस्थेत ठेवायचे, म्हणजे खरोखर गळ्याशी आलेलाच दार ठोठावेल, असा त्या कायद्याचा हिशेब होता. आत गेले की नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला आणि मुले तिसरीकडे. गरिबी हा स्वभावातला दोष असून कष्ट आणि अपमान हा त्यावरचा उतारा आहे, हे कायदा करणाऱ्यांनी धरूनच चालले होते. घसरलेला पगार, बंद पडलेले काम, घरातले आजारपण ही कारणे त्यांच्या लेखी दुय्यम होती.

हा विचार नुसता निर्दय असता तर त्याचा निषेध करून मोकळे होता आले असते. पण साथीच्या दिवसांत त्याच विचाराने निदानाची जागा घेतली आणि त्यात माणसे मेली. 1831 च्या अखेरीस संडरलंड बंदरात कॉलरा उतरला. पुढच्या वर्षी, 21 मार्च 1832 रोजी, सरकारने देशभर उपास आणि प्रायश्चित्ताचा दिवस पाळायला लावला. ज्यांच्या घरी एरवीही चूल दिवसाआड पेटत होती, त्यांनाही पापक्षालनासाठी उपास सांगितला गेला. डॉक्टरांनीही कॉलऱ्याला ‘पोषक’ ठरणाऱ्या गोष्टींच्या याद्या केल्या. त्यांत दारू होती, अस्वच्छता होती, बेफिकिरी होती, भित्रेपणासुद्धा होता. माणूस पीत असलेले पाणी मात्र त्या काळात फारसे कोणी तपासले नाही.

साथ आली की गरिबाच्या वागणुकीवर बोट ठेवण्याची ही खोड अज्ञानातून येते, असे आपण समजतो. मला ते पटत नाही. अज्ञान तिला मदत करते हे खरे, पण तिला टिकवून धरतो तो खर्चाचा प्रश्न. आजाराचे कारण नळात सापडले तर नळ बदलावा लागतो. ते घरात सापडले तर घरमालकाला जाब विचारावा लागतो. तेच कारण माणसाच्या स्वभावात सापडले की कोणाच्याच नावाने बिल फाटत नाही. लंडनमध्ये हेच झाले, मुंबईत हेच झाले, आणि मुंबईत ते आजही चालू आहे.

लंडनची गोष्ट मेडनहेडकरांच्या अगदी वाटेवरची आहे. 2022 पासून एलिझाबेथ लाइनची गाडी इथून थेट टॉटनम कोर्ट रोडला नेऊन सोडते. स्टेशनच्या एका तोंडाशी सोहो आणि दुसऱ्याशी सेंट जाइल्स. आज सेंट जाइल्समध्ये रेंझो पियानोच्या लाल-पिवळ्या-हिरव्या इमारती आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे लंडनची सर्वांत बदनाम वस्ती होती. आयर्लंडमधून आलेले मजूर, फेरीवाले, भिकारी असे सगळे तिथे भाड्याच्या खोल्यांतून आणि तळघरांतून कोंबलेले असत. ‘टाइम्स’ने 5 जुलै 1849 रोजी या वस्तीतल्या 54 रहिवाशांच्या सह्यांचे एक पत्र छापले. जवळजवळ प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या चुका होत्या आणि त्या तशाच छापल्या होत्या. आम्ही घाणीत राहतो, असे सांगून त्यांनी कारणे दिली होती. आमच्याकडे संडास नाहीत, कचऱ्याचे डबे नाहीत, पाणी नाही, आणि साऱ्या वस्तीत एक गटार नाही. कॉलरा आला तर आमचे काही खरे नाही, असेही त्यांनी लिहिले होते.

या पत्राकडे मी परत परत वळतो. कॉलरा पाण्यातून पसरतो हे जॉन स्नोने पहिल्यांदा छापून सांगितले तेही त्याच 1849 सालचे, आणि तेव्हा बहुतेक डॉक्टरांनी ते उडवून लावले. रोगजंतूंचा विचार तर अजून कित्येक वर्षे दूर होता. आरोग्यखात्याचा भर हवेतल्या दुर्गंधीवर होता. अशा वेळी ज्यांना धड लिहिता येत नव्हते, त्या 54 जणांनी संडास, गटार आणि पाणी ही तीन नावे घेतली. शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण आपल्याकडे काय नाही हे ठाऊक होते. त्यांना शिस्त शिकवायला निघालेल्यांनी त्यांना साधा प्रश्न विचारला असता, तरी पुष्कळ काम झाले असते.

त्याआधी दोन वर्षे, म्हणजे 1847 साली, याच वस्तीच्या मधोमध न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीट काढण्यात आला. रुंद रस्ता आला की हवा खेळेल, वस्ती मोडेल आणि वाईट चाली जातील, अशी अपेक्षा होती. घरे पाडली गेली, पण पाडलेल्या घरांतल्या माणसांची सोय कोणीच केली नाही. लंडनच्या सांख्यिकी सोसायटीने 1848 मध्ये शेजारच्या चर्च लेनची पाहणी प्रसिद्ध केली. तिथल्या 27 घरांत 1841 साली 655 माणसे राहत होती. 1847 साली त्याच 27 घरांत 1,095 झाली. घरामागे 24 वरून थेट 40. वस्ती मोडली गेलीच नाही, ती शेजारच्या गल्लीत दाटली. आणि मग त्या दाटीकडे बोट दाखवून, ही माणसे जनावरासारखी राहतात, असे म्हणणारे पुढे आले.

1854 च्या ऑगस्टअखेरीस सोहोमध्ये, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास, कॉलऱ्याने थोड्याच दिवसांत सहाशेवर माणसे मारली. जॉन स्नोने सार्वजनिक पंप ओळखला आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. या कथेतला मला मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे. स्नोने घरोघरची नोंद केली तेव्हा कोण वाचले आणि कोण गेले, याचा एक तक्ताच तयार झाला, आणि त्या काळच्या नीतीच्या सगळ्या ठोकताळ्यांना त्याने छेद दिला. रस्त्यावरच दारूची भट्टी होती. तिथे सत्तरहून अधिक कामगार होते. त्यांना कामावर बिअर मिळे आणि आवारात स्वतंत्र विहीर होती. त्यांच्यातला एकही कॉलऱ्याने मेला नाही. पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाऊसमध्ये 535 माणसे होती. समाजाने आळशी आणि निकामी म्हणून आत टाकलेली ही माणसे. आजूबाजूच्या घरांतून प्रेते निघत असताना त्या वर्कहाऊसमधले फक्त पाच जण दगावले, कारण तिथेही स्वतःची विहीर होती. याउलट बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्या ईली बंधूंच्या कारखान्यात कामगारांच्या सोयीसाठी पंपाच्या पाण्याची दोन पिपे भरून ठेवलेली असत. सुमारे दोनशे कामगारांपैकी 18 जण गेले. याच ईलींची विधवा आई सोहो सोडून दूर, उंचावरच्या हॅम्पस्टेडला राहायला गेली होती. जुन्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून गाडीवानाबरोबर रोज एक बाटली तिच्याकडे जाई. त्या बाटलीने तीही गेली.

दारू पिणारे वाचले, वर्कहाऊसमधले वाचले. पाणी पिणारे कष्टकरी गेले, आणि चांगल्या हवेत राहणारी सुस्थितीतली वृद्धाही गेली. हे वाचून कोणी दारूची तरफदारी करील असे मला वाटत नाही. पण चारित्र्य आणि कॉलरा यांचा काही संबंध असता, तर ही नोंद नेमकी उलटी निघाली असती. याच परिसरातला हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण पाद्री स्नोचे म्हणणे खोडून काढायला निघाला होता. आपल्या ओळखीच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन त्याने प्रत्येकाने कोणते पाणी प्यायले याची विचारपूस केली, आणि शेवटी स्नोला न सापडलेला दुवा त्यानेच शोधला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या 40 नंबरच्या घरातली तान्ही मुलगी आधी आजारी पडली होती. तिचे लंगोट धुतलेले पाणी ज्या खड्ड्यात ओतले जाई, तो खड्डा पंपाच्या विहिरीत झिरपत होता. व्हाइटहेडला हे जमले, कारण तो त्या माणसांना नावानिशी ओळखत होता. झोपडपट्टी म्हणून जिच्याकडे बाकीचे पाहत, ती त्याच्यासाठी भेटीगाठींची, सुखदुःखाची वस्ती होती.

टेम्सच्या दक्षिणेकडची नोंद तर याहून बोलकी. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, कधी शेजारशेजारच्या घरांत गेलेले. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीजवळून, म्हणजे शहराचे सगळे सांडपाणी मिसळलेल्या पात्रातून, पाणी उचलत होती. लँबेथ कंपनीने 1852 मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण टेम्स डिटनला, भरती-ओहोटीच्या वरच्या अंगाला, हलवले होते. मेडनहेडच्या पुलाखालून वाहत येणारे पाणी तिथवर तुलनेने स्वच्छ पोचत होते. 1854 च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे 315 मृत्यू झाले, दुसरीच्या 37. रस्ता एकच, गरिबी एकच, सवयी एकच, चर्चमध्ये जाणे-न जाणेही एकच. वेगळे होते ते फक्त कंपनीचे नाव. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासात क्वचित मिळतो. तरीही आरोग्यमंडळाच्या चौकशी समितीने स्नोचे म्हणणे स्वीकारले नाही.

आदल्या वर्षी, 1853 मध्ये, एडिंबराच्या धर्मगुरूंनी गृहमंत्री पामर्स्टन यांना पत्र लिहून राष्ट्रीय उपासाचा दिवस जाहीर करण्याची विनंती केली होती. पामर्स्टनने उत्तर धाडले की, उपासाआधी गरिबांची घरे आणि गल्ल्या साफ करा. त्या तशाच राहिल्या तर कितीही प्रार्थना केल्या तरी रोग येणारच. एवढे स्पष्ट बोलणारा मंत्री त्या काळात होता, हे कबूल करावे लागेल. पण गटारांसाठी पैसा सुटला तो 1858 च्या उन्हाळ्यात, टेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरल्यावर. मग कायदा अठरा दिवसांत झाला. बॅझलजेटची गटारे शहरभर पसरली, पण ईस्ट एंडचे काम शेवटी ठेवले होते. 1866 ची साथ नेमकी तिथेच उसळली. तिथल्या पाणीकंपनीने न गाळलेले पाणी सोडले आणि साडेपाच हजारांवर माणसे मेली.

मुंबईतही असेच झाले. सप्टेंबर 1896 मध्ये शहराच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखला. मांडवी ही धान्याच्या वखारींची, व्यापाऱ्यांची पेठ होती, झोपडपट्टी नव्हती. पोती आली की उंदीर येतात, आणि उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवतात. हे पॉल-लुई सिमाँने 1898 मध्ये कराचीत दाखवले, आणि सर्वमान्य व्हायला पुढची जवळजवळ दहा वर्षे गेली. तोवर सरकारने घाणीशी युद्ध पुकारले, आणि घाण म्हणजे गरीब, असे ठरवले. गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी ओतले, भिंतींना चुना फासला, कौले काढून खोल्यांत ऊन सोडले, घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ अशी अक्षरे रंगवली. बिळांतल्या उंदराला यातले काहीही भोवले नाही.

शहराची घाण कुठून आली, हे शोधायला फार लांब जायचे नव्हते. तानसाचे पाणी 1892 मध्ये मुंबईत आले. मुबलक पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे त्या मानाने बांधली गेली नाहीत. गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून माणसे आणली आणि त्यांच्यासाठी चाळी बांधायचे काम घरमालकांवर सोडले. दहा बाय दहाच्या खोलीत एक कुटुंब आणि वर दोन गाववाले, मजल्याला एक नळ, आणि मागे पाटीचे संडास. महापालिकेत कर भरणाऱ्या मालमत्ताधारकांचे वजन होते, आणि त्यांतले कितीतरी जण स्वतःच चाळींचे मालक होते. कर वाढवून गटारे बांधायची, तर खिसा त्यांचाच हलका होणार होता.

त्या वेळच्या महापालिका आयुक्ताचे आडनावही स्नोच होते. पी. सी. एच. स्नो यांनी साथीवर लिहिलेल्या अहवालात एक भीती नोंदवली आहे. हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे कामगार, आणि झाडूवाले घाबरून शहर सोडून गेले, तर मुंबई बघता बघता राहण्यालायक उरणार नाही, अशी ती भीती होती. सक्तीच्या विलगीकरणामुळे लोक पळत होते. गिरणीकामगारांनी 29 ऑक्टोबर 1896 रोजी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता, आणि लगेच सरकारला नियम सैल करावे लागले. यातली विसंगती त्या काळी कोणाला जाणवली होती की नाही, कोण जाणे. ज्यांना घाणेरडे म्हणून बाजूला टाकले होते, त्यांच्याच हातांवर साऱ्या शहराची स्वच्छता उभी होती. ते निघून गेले तर काय होईल, हे आयुक्ताला पक्के कळत होते. त्यांनी राहावे म्हणून त्यांना घर कोणते मिळते, हा प्रश्न मात्र अहवालाच्या बाहेरच राहिला.

आपल्या लोकांचे वागणेही तपासले पाहिजे. प्लेग अधिकारी रँडच्या पुण्यातल्या जुलमाची आठवण आपण काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. पण त्याच वेळी ज्ञातीज्ञातीची वेगवेगळी प्लेग इस्पितळे निघाली. ज्या जातीकडे पैसा होता तिच्या रोग्याला आपल्यातल्याच माणसांच्या हातचे पाणी मिळाले. ज्यांची जातच सर्वांत खाली मानली गेली होती, त्यांच्यासाठी सरकारी छपरी उरली. अपवाद होता हडपसरजवळच्या ससाणे मळ्यातला. तिथे डॉ. यशवंतराव फुले यांनी दवाखाना काढला आणि त्यांच्या आई सावित्रीबाई रोग्यांना आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर टाकून दवाखान्यात आणले, अशी हकीकत सांगितली जाते. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. ‘तुम्ही असे का राहता’ हा प्रश्न सावित्रीबाईंनी कोणा रोग्याला विचारला असेल, असे मला वाटत नाही.

प्लेगनंतर, 1898 मध्ये, मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. सेंट जाइल्सची गोष्ट इथे जशीच्या तशी घडली. नागपाडा आणि आसपासच्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा आत आली. पण ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि ज्या बांधल्या त्यांचे भाडे हटवलेल्यांना परवडेना. माणसे शेजारच्या चाळींत घुसली. प्लेगही त्यांच्याबरोबर गेला. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीवर माणसे नेली.

2020 मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा तेच. स्लाव हे मेडनहेडहून गाडीने तीन स्टेशनांवर. तिथे रुग्ण वाढले की आपल्या गटांत लगेच लिहिले जाई, ‘तिकडचे लोक ऐकतच नाहीत.’ ज्यांच्याबद्दल हे लिहिले जात होते, त्यांतले कितीतरी जण टॅक्सी आणि बस चालवत होते, वखारींत माल उचलत होते, केअर होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालत होते. त्यांना घरून काम करता येत नव्हते. त्या जूनमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सांगितले की, वय आणि वस्तीचा हिशेब धरूनही बांगलादेशी वंशाच्या लोकांच्या मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट आहे. हे वाचून कामाच्या जागांबद्दल, रजेच्या पगाराबद्दल, घरांच्या आकाराबद्दल बोलायला हवे होते. आपण त्यांच्या एकत्र कुटुंबांवर शेरे मारले. एकत्र कुटुंबाचे आपल्याला केवढे कौतुक, हे त्या वेळी आठवले नाही. भारतात तबलिगींवर साऱ्या साथीचे खापर फोडले गेले, आणि ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची सवय किती जुनी आहे, हे निकाल वाचताना लक्षात येते.

कोविडची साथ ओसरली, पण मुंबईत टीबी आहेच. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये ती माणसे राहतात, जी रेल्वे आणि रस्त्यांच्या कामासाठी झोपड्यांतून हटवली गेली. सोहोच्या शेजारी 1847 मध्ये, नागपाड्याला 1898 नंतर आणि आता गोवंडीत, प्रत्येक वेळी रस्त्यासाठी हललेली माणसे गरीबच होती. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने 2018 मध्ये या दोन वसाहती आणि जवळची पीएमजी कॉलनी यांची तुलना केली. तिन्हीकडे पुनर्वसनाचे लोक, तीच मिळकत, तीच जीवनशैली. पहिल्या दोन ठिकाणी टीबीचे प्रमाण पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी पट अधिक निघाले. फरक इमारतींच्या मांडणीत होता. नटवर पारेखमध्ये दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर जागा आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीतून टाकलेला कचरा आत येतो, म्हणून ती बंदच ठेवावी लागते. टीबीचा जंतू अशा बंद, अंधाऱ्या, हवा न बदलणाऱ्या खोलीत तरंगत राहतो. साउथवार्कच्या दोन नळांचीच ही परीक्षा आहे, फक्त इथे पाण्याऐवजी हवा आहे. तरी दवाखान्याच्या रांगेत रोग्याला ऐकावे लागते की, तुम्ही लोक औषध अर्धवट सोडता, दारू पिता, स्वच्छता पाळत नाही. एखादा रोगी औषध सोडतही असेल. सगळा कोर्स पूर्ण करून तो पुन्हा त्याच खोलीत झोपायला जातो, याचा जाब मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

अशा इमारती कोणा एका दुष्ट माणसाने बांधलेल्या नसतात. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत आहे. बिल्डर झोपडीवाल्यांना घरे फुकट देतो, बदल्यात त्याला विक्रीसाठी जास्तीचे बांधकाम मिळते. विक्रीच्या टॉवरला बाग, तलाव, गाड्यांची जागा हवी असते, म्हणून पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटवल्या जातात. विक्रीचे हे फ्लॅट घेणाऱ्यांत परदेशातले मराठी लोक भरपूर आहेत. मेडनहेडमध्येही आहेत, माझ्या ओळखीचेही आहेत. पैसा घामाचा असतो, आणि मुंबईत आपले घर असावे ही इच्छा अगदी रास्त आहे. पण त्या व्यवहारात आपण नुसते प्रेक्षक नसतो. आपल्या खिडकीतून दिसणारी हिरवळ त्याच भूखंडावरच्या कुणाच्या तरी ऊनवाऱ्यातून काढलेली असू शकते.

म्हणून असा फ्लॅट घेण्याआधी एक करता येते. प्रकल्पाचे मंजूर नकाशे राज्याच्या बांधकाम नियामकाच्या, म्हणजे महारेराच्या, संकेतस्थळावर टाकणे बिल्डरला बंधनकारक आहे. पुनर्वसनाच्या दोन इमारतींमध्ये किती मीटर मोकळे सोडले आहे, हे त्यात शोधावे, आणि नसले तर बिल्डरकडून लेखी मागावे. टोकनची रक्कम त्यानंतर पाठवावी. अंतर तीन मीटर निघाले, तर पाठवूच नये, आणि का पाठवली नाही हे बिल्डरला त्याच मेलमध्ये लिहून कळवावे.